मोहोरावरचा सौदा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार ताई,

आम्ही मूळचे रत्नागिरीचे, गेली अठरा वर्षं आयोवातल्या एका लहान शहरात राहतो. इथे बेसबॉलचा मायनर लीगचा, म्हणजे खालच्या लीगचा, संघ आहे. गावातली काही कुटुंबं त्यातल्या एखाद्या मुलाला उन्हाळाभर घरात ठेवून घेतात. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडेही एक मुलगा आला. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सान पेद्रो दे माकोरीसचा, वय एकोणीस, इंग्रजी जेमतेम. तो कॅचर आहे, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, फलंदाजाच्या मागे बसणारा. मी राजमा-भात केला की दोनदा वाढून घ्यायचा, म्हणायचा, आई असंच करते. रात्री सामन्यानंतर डावा हात फ्रोझन मटारच्या पिशवीत खुपसून बसायचा आणि उजव्या हाताने जेवायचा. तेव्हापासून तो मला 'आई'च म्हणतो. दर रविवारी फोन असतो.

आता तो बावीस वर्षांचा आहे, ट्रिपल-एमध्ये खेळतो, म्हणजे वरच्या लीगच्या, मेजर लीगच्या, एक पायरी खाली. मेजर लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही. तरी मागच्या आठवड्यात संघाने त्याच्यासमोर करार ठेवला: सहा वर्षं, हमीचे २ कोटी ६० लाख डॉलर, आणि पुढची दोन वर्षं संघाची मर्जी असेल तर, ९० लाख आणि १ कोटी १० लाखांना. दहा दिवसांत उत्तर हवंय. एजंट म्हणतो थांब, एका वर्षात दुप्पट मिळतील. त्याची आई म्हणते सही कर. संघातले मित्र म्हणतात, इतक्यात विकला जाऊ नकोस, आमचाही भाव पडतो. शिवाय एक माणूस वेगळंच सांगतोय, आमची कंपनी आत्ता रोख पैसे देते, नंतरच्या कमाईतला ठरावीक टक्का दे, म्हणजे कराराची घाईच नको.

रविवारी त्याने मला विचारलं, आई, तू काय करशील? मी गप्प बसले. माझे यजमान म्हणतात आपण यात पडू नये. पण त्याने विचारलंय तर मी काय सांगू?

आयोवाहून एक वाचक


उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला कळतं, पण मला ते पटत नाही. मुलाने विचारलंय ते तुमचा यात काही स्वार्थ नाही म्हणून. संघ, एजंट, मित्र, तो रोखवाला माणूस, प्रत्येकाचं या सहीत काहीतरी अडकलंय. आईचंसुद्धा, तिच्या घराचं छप्पर. तुमचं काहीच नाही. असा माणूस त्याच्याजवळ दुसरा नसेल, तेव्हा बोला. आणि बोलण्याआधी हा सौदा नेमका काय आहे ते नीट समजून घ्या. तुम्ही रत्नागिरीच्या आहात, म्हणजे तुम्हाला तो माझ्यापेक्षा लवकर कळेल.

माझं आजोळ देवगडचं. कलमांना मोहोर आला की व्यापारी बागेत यायचा. झाडाखाली उभा राहून, मान वर करून बराच वेळ बघायचा आणि मग आकडा सांगायचा. मामाने हो म्हटलं की त्या सालची बाग त्याची. पुढे तुडतुडे पडोत, अवकाळी पाऊस येवो, फळ गळो, नुकसान व्यापाऱ्याचं. पण झाड लगडलं आणि वाशीत पहिल्या पेटीला चढा भाव आला, तर तोही त्याचाच. ज्या वर्षी घरात लग्न किंवा आजारपण असेल त्या वर्षी मामा मोहोरावर बाग द्यायचा, एरवी स्वतः उतरवायचा. आणि एक गोष्ट त्याने कधीच केली नाही. व्यापारी कितीही गोड बोलला तरी बाग एका सालापेक्षा जास्त दिली नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

तुमच्या लेकासमोर आहे तो मोहोरावरचा सौदा. संघ झाडाखाली उभा राहून वर बघतोय.

आता बाजाराचे नियम. मेजर लीगमध्ये खेळाडूला संघ निवडण्याचं स्वातंत्र्य सहा वर्षांचा सेवाकाळ भरल्यावर मिळतं. त्याआधी तो पहिल्या संघाला बांधलेला असतो. पहिली तीन वर्षं बहुतेकांना किमान पगाराच्या आसपासच मिळतं, २०२६ मध्ये हा किमान पगार ७ लाख ८० हजार डॉलर आहे. त्यापुढची तीन वर्षं लवादाची: खेळाडू आणि संघ आपापला आकडा मांडतात, जमलं नाही तर लवाद निर्णय देतो, आणि पगार भराभर चढतो. सहा वर्षं संपली की तो मोकळा, कुणाशीही बोलणी करायला. म्हणजे तुमच्या मुलाने सही केली नाही आणि तो यंदा वर गेला, तर पहिल्या तीन वर्षांत हातात पडतील साधारण २४ लाख डॉलर. खरा पैसा त्यानंतर. आणि 'त्यानंतर' येईलच असं नाही. ट्रिपल-एमध्ये चमकून वर गेल्यावर कोमेजलेली मुलं कमी नाहीत.

तरुणांना असं लवकर बांधून घेण्याची मुळं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडमध्ये आहेत. तिथल्या संघाचे महाव्यवस्थापक जॉन हार्ट यांनी सँडी अलोमार, कार्लोस बायर्गा अशा तरुणांना लवकरच लांब मुदतीने बांधून घेतलं, आणि तोच संघ पुढे १९९५ आणि १९९७ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत पोचला. इतर संघांनी ते पाहिलं. २००८ मध्ये टँपा बेने इव्हान लाँगोरियाला पदार्पणानंतर आठवडाही उलटला नसताना सहा वर्षांसाठी १ कोटी ७५ लाखांना बांधलं, वर संघाच्या मर्जीची तीन वर्षं. तो त्याच साली सर्वोत्तम नवोदित ठरला. लाँगोरियाचा करार म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याचा धडाच होता, आणि त्यानंतर प्रत्येक संघाला आपल्या पोतडीत एक आवळा असावा असं वाटायला लागलं.

पण एकाही सामन्याआधी करार, हे २०१४ मध्ये ह्यूस्टनने केलं. त्या गोष्टीपाशी मला थोडं थांबायचंय, कारण तुमच्या मुलाच्या दोन्ही वाटा त्यात दिसतात.

ह्यूस्टनकडे तेव्हा दोन तरुण होते. जॉर्ज स्प्रिंगरला त्यांनी सात वर्षांचे साधारण २ कोटी ३० लाख देऊ केल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याने नाही म्हटलं. जॉन सिंगलटनला पाच वर्षांचे १ कोटी देऊ केले, त्याने हो म्हटलं. तेव्हा सिंगलटनला नावं ठेवणारे पुष्कळ होते, स्वस्तात गेला म्हणून. पुढे काय झालं? स्प्रिंगर २०१७ च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी ठरला. लवादाच्या वर्षांत त्याला २०१८ आणि २०१९ चे मिळून २ कोटी ४० लाख, २०२० चे २ कोटी १० लाख मिळाले, आणि मोकळा झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये टोरोंटोकडून सहा वर्षांचे १५ कोटी. सिंगलटनची पहिल्या वर्षीची फलंदाजीची सरासरी .१६८ होती, म्हणजे फारच कमी. दुसऱ्या वर्षी एकोणीस सामने, आणि मग मायनर लीग. तो व्यसनाशी झगडत होता. २०१८ मध्ये शंभर सामन्यांची बंदी आली आणि संघाने त्याला सोडून दिलं. त्या १ कोटींतला बहुतेक पैसा मात्र त्याचाच राहिला. बेसबॉलमध्ये हमीचा पैसा म्हणजे हमीचाच, खेळ बिघडला किंवा दुखापत झाली तरी तो मिळतो. आणि ताई, हेही सांगते की तो माणूस परत आला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्यूस्टनच्याच कपड्यात त्याने एका सामन्यात दोन होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मारले, २०१५ नंतरचे पहिले. ती दृश्यं पाहताना माझे डोळे भरून आले होते.

सिंगलटनची सही चूक होती असं म्हणायची आज कुणाची छाती होईल? आणि स्प्रिंगरचा नकार तरी कुठे चुकला? दोघांनीही आपल्याजवळ जे होतं त्यावर ठरवलं. झाडाचं पुढे काय होणार हे मोहोर बघून ठरवता येत नाही. ठरवता येतं ते एवढंच, की मोहोर झडला तर माझं घर चालेल का.

सही करून बरं झालं म्हणावं अशी नावं आणखी आहेत. फिलाडेल्फियाचा स्कॉट किंगरी, २०१८ मध्ये पदार्पणाआधी सहा वर्षांचे २ कोटी ४० लाख, तीन वर्षांत संघाच्या मुख्य यादीतून बाहेर. सिअॅटलचा इव्हान व्हाइट, तेवढीच वर्षं, तेवढीच रक्कम. पहिल्याच मोसमात क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लव्ह मिळवलं, पण फलंदाजीत सरासरी .१७६, आणि मग कंबरेच्या सांध्याने दगा दिला. २०२१ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसलेला नाही. या दोघांनी तेव्हा "थांबतो" म्हटलं असतं तर हातात किती आलं असतं, याचा हिशेब तुम्हीच करा.

आता नाण्याची दुसरी बाजू. एप्रिल २०१९ मध्ये अटलांटाने दोन पोरांना बांधलं. रोनाल्ड अकुन्या, वय एकवीस, आठ वर्षं, १० कोटी. ओझी अल्बीझ, वय बावीस, सात वर्षं, साडेतीन कोटी, आणि वर संघाच्या मर्जीची दोन वर्षं, प्रत्येकी फक्त ७० लाखांना. अल्बीझच्या कराराने तेव्हा गहजब झाला होता, आणि माझ्या मते योग्यच झाला. साडेतीन कोटी थोडे होते, पण मला खटकले ते शेवटचे दोन ७० लाख. त्याच्याच जागेवर खेळणारे इतर चांगले खेळाडू ज्या वयात बाजारात उभे राहून बोली लावून घेतात, ती दोन वर्षं त्याने बावीसाव्या वर्षी किरकोळ भावात देऊन टाकली. अकुन्याची दोन वर्षं निदान १ कोटी ७० लाखांची होती. तोही २०२३ मध्ये ४१ होमरन मारून आणि ७३ बेस चोरून, म्हणजे चेंडू न टोलावता पुढच्या बेसवर धावून, सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणजे अटलांटाला अजूनही लॉटरीच. पण त्याचे दोन्ही गुडघे एकेकदा फाटलेत, २०२१ मध्ये उजवा, २०२४ मध्ये डावा. तेव्हा त्याला घरी झोप लागली असेल ती त्या सहीमुळे.

इथे मामाचं वाक्य परत आणते. बाग द्या, पण पुढची सालं देऊ नका.

तुमच्या पत्रातल्या करारात सगळ्यांचं लक्ष २ कोटी ६० लाखांवर आहे. एजंट त्यावर भांडतोय, आई त्यावर खूश आहे. माझं लक्ष त्या शेवटच्या दोन ओळींवर गेलं. पहिली सहा वर्षं तशीही संघाचीच आहेत, सही करो वा न करो. ती विकून तो फक्त अनिश्चित पैशाच्या जागी निश्चित पैसा घेतोय, आणि एका कॅचरसाठी हा सौदा शहाणपणाचा आहे. पण पुढची दोन वर्षं त्याची स्वतःची आहेत. ती दिली तर तो अठ्ठाविसाव्याऐवजी तिसाव्या वर्षी बाजारात उतरेल. कॅचरचे गुडघे तिसाव्या वर्षी कसे असतात हे संघांना चांगलं ठाऊक असतं, आणि ते त्याप्रमाणेच पैसे देतात. हुआन सोटो सव्वीस वर्षांचा असताना मोकळा झाला, म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला पंधरा वर्षांचे ७६ कोटी ५० लाख दिले. त्याआधी त्याने ४४ कोटी नाकारले होते. आपला मुलगा सोटो नाही, मान्य. पण बाजार वयाला पैसे देतो हा नियम सोटोला लागू आहे आणि त्यालाही.

म्हणून माझा सल्ला असा: सही करावी. पण संघाकडे परत जाताना आकडा वाढवून मागण्याऐवजी वर्ष कमी करून मागावं. मर्जीची दोन वर्षं एकावर आणा. त्यासाठी हमीतले पंधरा-वीस लाख सोडावे लागले तरी सोडा. एक वर्ष राहिलंच तर त्याचा भाव १ कोटी १० लाखांवर अडकवू नका. अमुक इतके सामने खेळला, सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात अमुक क्रमांक आला, तर तो चढत जाईल असं कलम घाला. आणि संघाने ते वर्ष घेतलं नाही तर निघतानाची रक्कम किती, तेही लिहून घ्या. संघ अशी कलमं देतात. पहिल्या कागदावर ती नसतात, कारण कुणी मागितलेली नसतात.

रक्कम कमी आहे का? थोडी आहे. बाल्टिमोरने ऑगस्ट २०२५ मध्ये सॅम्युएल बसायोला, तोही डोमिनिकन, तोही कॅचर, वय एकवीस, पदार्पणानंतर आठवड्याभरात आठ वर्षांचे ६ कोटी ७० लाख दिले. मिलवॉकीने डिसेंबर २०२३ मध्ये जॅक्सन चुरिओला एकही सामना न खेळता आठ वर्षांचे ८ कोटी २० लाख दिले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पण ती दोघंही होतकरू खेळाडूंच्या यादीत पहिल्या काही नावांतली होती. एजंटने ही नावं टेबलावर जरूर ठेवावीत. त्या तुलनेत २ कोटी ६० लाखांचे ३ कोटी झाले तर आनंदच आहे. पण तीस-चाळीस लाखांसाठी सौदा मोडू देऊ नये.

एजंटविषयी. तो लबाड आहे असं मला अजिबात वाटत नाही, आणि "थांब" म्हणणारा एजंट स्वतःची आजची दलालीही सोडत असतो हे त्याच्या बाजूने बोलायला हवं. पण त्याच्या हिशेबात आणि मुलाच्या हिशेबात एक फरक आहे. संघाकडे अशी दहा झाडं असतात, दोन लगडली तर बाकीच्यांचं नुकसान भरून निघतं. एजंटकडे वीस-पंचवीस असतात, त्यालाही सरासरी परवडते. तुमच्या मुलाकडे झाड एकच आहे. ज्याच्याकडे एकच झाड, त्याने व्यापाऱ्यासारखा विचार करायचा नसतो. पहिले एक कोटी डॉलर आणि पाचवे एक कोटी कागदावर सारखे दिसतात. सान पेद्रोतल्या त्या घरात ते सारखे नाहीत. सोळा-सतराव्या वर्षी सही करताना त्याला जो बोनस मिळाला असेल त्यातला बराच वाटा त्याला तयार करणाऱ्या प्रशिक्षकाने, तिकडे ज्यांना बुस्कोन म्हणतात त्यांनी, नेलेला असतो. उरलेल्यात घर, भावंडं, औषधं. ट्रिपल-एचा वर्षाचा पगार २०२३ च्या करारात १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाला तेव्हा केवढा आनंद झाला होता या मुलांना! त्या आकड्यावर जगणाऱ्याला "एक वर्ष थांब" सांगणं सोपं आहे, थांबायचं त्याला असतं.

मित्र म्हणतात, तू स्वस्तात गेलास तर आमचा भाव पडतो. हे खोटं नाही. कमी भावाचे करार पुढच्या बोलणीत संघ तोंडावर फेकतात, आणि खेळाडूंच्या संघटनेने या बाबतीत जे मिळवलंय ते लढून मिळवलंय. त्याच्या मनाला हे लागतंय ही मला चांगली गोष्ट वाटते. पण सगळ्या व्यवसायाचं ओझं बावीस वर्षांच्या, अजून एकही सामना न खेळलेल्या मुलाच्या खांद्यावर टाकता येत नाही. मित्रांचं ऋण फेडायचंच असेल तर ते मर्जीच्या वर्षांचा भाव चढा ठेवून फेडावं. पुढचे सगळे त्या ओळीकडे बघतात.

घाईविषयीही सांगायला हवं. "दहा दिवसांत सांग" यामागे अनेकदा न बोललेलं एक वाक्य असतं: सही केलीस तर लगेच वर, नाही केलीस तर बघू. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिअॅटलचे अध्यक्ष केव्हिन मॅथर एका रोटरी क्लबपुढे बोलताना हे जवळजवळ उघड बोलून गेले. जॅरेड केलेनिक या तरुणाला लांब मुदतीचा करार देऊ केला होता, त्याने तो घेतला नाही, आणि तो मोसमाच्या सुरुवातीला संघात नसेल, असं त्यांनी सांगितलं. चित्रफीत बाहेर आली, मॅथर यांना जावं लागलं. सही केली असती तर आधीच्याच वर्षी पदार्पण झालं असतं, असं केलेनिकच्या बाजूने जाहीरपणे सांगण्यात आलं. तेव्हा मलाही फार चीड आली होती. पण गोष्ट तिथे संपत नाही. केलेनिक त्या मे महिन्यात वर आला आणि पहिल्या मोसमात त्याची सरासरी .१८१ राहिली. दोन वर्षांनी त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवलं. संघ वाईट वागला, आणि तरीही तो करार घेतला असता तर त्याच्या हिताचं झालं असतं. दोन्ही खरं आहे. मुलाला रागाच्या भरात नाही म्हणू देऊ नका, तसंच वर जायच्या उतावळेपणात होही म्हणू देऊ नका. दहाचे पंधरा दिवस मागावेत. ज्याने कागद पाठवलाय त्याला करार हवा आहे, पाच दिवसांनी तो पळून जात नाही.

दरम्यान करार त्याने स्पॅनिशमध्ये वाचलेला असला पाहिजे. एजंटने तोंडी सांगितलेला सारांश पुरत नाही, ओळ न् ओळ त्याच्या भाषेत. २०२२ पासून मायनर लीगची मुलंही खेळाडू संघटनेत आहेत, तिथे स्पॅनिश बोलणारी माणसं आहेत आणि हे त्यांचं कामच आहे. त्याने तिथे स्वतः फोन करावा. आणि एक बाब त्याला आठवणीने सांगा. खेळाडू संघटना आणि संघमालक यांच्यातला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. त्यानंतर लवादाचे नियम, किमान पगार, सगळ्यावर नव्याने बोलणी होतील. थांबायचं म्हणजे त्या अनिश्चितीतही थांबायचं. माझं पारडं सहीकडे झुकण्याचं हे आणखी एक कारण.

आता तो रोखवाला माणूस. इथे मी आवाज चढवून बोलणार आहे. त्याला दारात उभं करू नका.

सान पेद्रो हे साखर कारखान्यांचं गाव, म्हणून उसाचंच उदाहरण देते. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी जोडपी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. त्या वेळी पोटाला गरज असते, म्हणून घेतात, आणि मग हंगाम संपतो तरी उचल फिटत नाही. हा माणूस देतोय ती उचलच आहे, फक्त इंग्रजीत लिहिलेली. आज मेजर लीगमध्ये असलेल्या फर्नांडो टाटिस ज्युनियरने अठराव्या वर्षी, मायनर लीगमध्ये असताना अशाच एका कंपनीकडून साधारण २० लाख डॉलर घेतले आणि पुढच्या कमाईतले १० टक्के लिहून दिले. २०२१ मध्ये सॅन डिएगोने त्याला चौदा वर्षांचे ३४ कोटी दिले. त्यातले दहा टक्के म्हणजे किती ते तुम्हाला सांगायला नको. २०२५ मध्ये तो कोर्टात गेला. आणि टाटिसचे वडील स्वतः मेजर लीग खेळलेले होते! ज्याच्या घरात हा व्यवहार माहीत होता तो फसू शकतो, तर ज्याची आई साखर कारखान्याच्या गावात पत्र्याखाली बसलीय त्याचं काय? पैशाची निकड असेल तर संघाच्या करारातच सही करतानाचा बोनस मोठा करून घ्यावा, पहिल्या वर्षीच हातात येईल असा. भविष्य विकायचंच असेल तर ठरावीक वर्षांचं विकावं. आयुष्यभराचा टक्का कधीच नाही. त्याने आधीच कुठे सही केली असेल तर ते आजच कळायला हवं. तसं हळूच विचारा, रागवू नका, मुलं लाजेने लपवतात.

पैसे आल्यावरचं थोडक्यात: पहिली रक्कम आली की आईचं घर. त्यानंतर सहा महिने काहीही नाही, गाडी नाही, चुलत्याचा धंदा नाही. कुलमुखत्यारपत्र कुणालाही द्यायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही. मी पंचवीस वर्षं इथे लोकांचे कर भरून देते. घरं मोडलेली पाहिलीत ती पैशाच्या तुटवड्याने कमी आणि अशा एका सहीने जास्त.

आणि करार झाल्यावर दोन वर्षांनी तो फार छान खेळायला लागला, चार पटींचा भाव दिसायला लागला, तर लोक त्याला म्हणतील, बघ, तुला फसवलं. तेव्हा तुमचा फोन त्याला हवा असेल. कॅन्सस सिटीचा कॅचर साल्वाडोर पेरेझ २०१२ मध्ये पाच वर्षांच्या ७० लाखांवर बांधला गेला होता. सगळी लीग त्याची कीव करायची. २०१६ मध्ये संघाने आपणहून नवा करार दिला, पाच वर्षांचे ५ कोटी २५ लाख. असं क्वचित होतं, त्यावर विसंबायचं नाही. पण त्या चार वर्षांत पेरेझ चेहरा पाडून खेळला नाही, वर्ल्ड सिरीज जिंकून बसला. आपल्या मुलाला स्वस्तात गेल्याची सल घेऊन मैदानात उतरायचं नसेल, तर त्याने आज हे स्वतःच्या तोंडाने म्हटलं पाहिजे की मी काय विकतोय आणि कशासाठी. हे त्याच्याकडून वदवून घ्या. स्पॅनिशमध्ये म्हणू दे, तुम्हाला कळलं नाही तरी चालेल.

रविवारची वाट पाहू नका, उद्याच फोन करा. "मी काय करीन" हे सांगायला कचरू नका, त्याने तेच विचारलंय. मी असते तर सही केली असती, एक वर्ष सोडवून घेऊन.

आणि फोनवर आणखी एक विचारा. तो डावा हात, मटारच्या पिशवीतला. सहीआधी संघाचे डॉक्टर त्याची कसून तपासणी करतील. अंगठ्याची सूज, बोटांच्या मुंग्या, जे काही तो तीन वर्षं गिळत आला असेल, ते त्याने त्याआधी एजंटच्या कानावर घातलेलं असावं. तपासणीच्या टेबलावर ते पहिल्यांदा बाहेर आलं तर संघ आकडा खाली आणेल, आणि तेव्हा घासाघीस करायला त्याच्याजवळ काही उरणार नाही.